ठासणीच्या बंदुकीची साक्ष

ठासणीच्या बंदुकीविषयी दोन समज फार दिवसांपासून चालत आलेले आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. एका समजानुसार, बंदूक रणांगणावर आली आणि चिलखत, भाला व धनुष्य यांचे राज्य तत्काळ संपुष्टात आले. दुसऱ्या समजानुसार, ही बंदूक म्हणजे मुख्यतः आवाजाचे व धुराचे हत्यार होते. शंभर पावलांवरचा माणूस तिच्या गोळीने पडला, तर तो केवळ त्याच्या दुर्दैवाने. दोन्ही समजांच्या पुष्ट्यर्थ जुन्या लेखकांचे दाखले देता येतात. सेनापतींचे अहवाल, शिपायांच्या आठवणी, कवायतीची पुस्तके यांत दोन्ही प्रकारची विधाने विखुरलेली आहेत. परंतु या वादात एका साक्षीदाराला मात्र क्वचितच विचारण्यात आले. तो साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष बंदूक.

याचे कारण उघड आहे. तीनचारशे वर्षांपूर्वीची बंदूक ही संग्रहालयातील वस्तू असते. तिच्या नळीत गंजाने पोखरलेली जागा किंवा न दिसणारी चीर असू शकते. दारू ठासून बार काढला आणि नळी फुटली, तर एक ऐतिहासिक पुरावा कायमचा नष्ट होतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. नव्याने बनविलेली प्रतिकृती वापरावी, तर तिचे पोलाद, तिच्या नळीचा गुळगुळीतपणा आणि तिची घडण ही सर्व आजची असतात. म्हणजे प्रश्न जुन्या बंदुकीला विचारावा आणि उत्तर मात्र नव्या बंदुकीकडून मिळावे, असा प्रकार होतो. म्हणूनच १९८८-८९ मध्ये ऑस्ट्रियात अस्सल जुन्या बंदुकांवर करण्यात आलेल्या चाचण्यांना विशेष महत्त्व आहे.

ग्राझचे शस्त्रागार

ऑस्ट्रियाच्या आग्नेय भागात स्टायरिया नावाचा प्रांत आहे आणि ग्राझ हे त्याचे मुख्य शहर. सोळाव्या व सतराव्या शतकांत हा प्रांत ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्याच्या सरहद्दीलगत होता. स्वारीची धास्ती नेहमीचीच असल्यामुळे प्रांताच्या प्रतिनिधिमंडळाने शस्त्रांचा मोठा साठा बाळगला आणि तो ठेवण्यासाठी १६४२ ते १६४५ या काळात एक स्वतंत्र इमारत बांधली. प्रसंग पडताच येथून हत्यारे वाटावयाची आणि मोहीम संपली की परत आणून ठेवावयाची, अशी व्यवस्था होती.

पुढे युद्धाचे क्षेत्र दूर सरकले. १७४९ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्या शासनाने प्रांतोप्रांतीची शस्त्रागारे मोडून संरक्षणाची व्यवस्था केंद्राच्या हाती घेण्याचे ठरविले. स्टायरियाच्या प्रतिनिधींनी मात्र विनंती केली, की पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मारक म्हणून आमचे शस्त्रागार तसेच राहू द्यावे. ती विनंती मान्य झाली. त्यामुळे आज तेथे चिलखते, भाले, तलवारी, पिस्तुले व बंदुका मिळून सुमारे ३२,००० वस्तू पूर्वीच्याच इमारतीत उभ्या आहेत. एखाद्या राजाच्या संग्रहात हस्तिदंताचे नक्षीकाम केलेल्या शिकारी बंदुका असतात. ग्राझचा संग्रह तसा नाही. तेथे सामान्य शिपायाच्या हाती दिली जाणारी साधी हत्यारे शेकड्यांनी आहेत. एकाच घडणीच्या अनेक बंदुका असल्यामुळे त्यांतील सुस्थितीतील निवडून त्यांची चाचणी घेणे तेथील अभ्यासकांना शक्य झाले.

चाचणीची रीत

सोळाव्या, सतराव्या व अठराव्या शतकांतील डझनाहून अधिक बंदुका व पिस्तुले निवडण्यात आली. त्यांत तटावरून झाडावयाच्या, आकड्याने भिंतीला अडकविण्याच्या जड बंदुका होत्या, चाकाच्या कळीच्या बंदुका होत्या आणि चकमकीच्या बंदुकाही होत्या. तुलनेसाठी ऑस्ट्रियन सैन्यातील आधुनिक रायफली व पिस्तूल हीही घेण्यात आली. चाचण्या लष्कराच्या चांदमारीच्या मैदानावर झाल्या.

या चाचण्यांत कोणीही बंदूक खांद्याला लावून उडविली नाही. प्रत्येक बंदूक एका भक्कम चौकटीत घट्ट बसविण्यात येई, नेम निश्चित करण्यात येई आणि दारू विजेच्या साहाय्याने पेटविण्यात येई. यामागचा हेतू दुहेरी होता. पहिला अर्थातच सुरक्षिततेचा. दुसरा हेतू असा, की हाताचा कंप, डोळ्याची चूक, बार उडताना दचकणे हे सर्व मानवी दोष बाजूला राहावेत आणि केवळ बंदुकीचा गुणदोष समोर यावा. आपण ज्या आकड्यांचा विचार करणार आहोत, ते आदर्श परिस्थितीतील आकडे आहेत ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवली पाहिजे. दारू जुन्या पद्धतीची, म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांच्या मिश्रणाची काळी दारू होती. पण ती आधुनिक कारखान्यात बनलेली, म्हणून अधिक एकजिनसी होती. आजची निर्धूर दारू जुन्या नळीत कधीच वापरता येत नाही. तिने निर्माण होणारा दाब सोसण्यासाठी त्या नळ्या घडविलेल्याच नसतात.

गोळीचा वेग

पहिला निष्कर्ष अनेकांना चकित करणारा होता. नळीतून सुटताना गोळीचा वेग सरासरीने सेकंदाला सुमारे ४५० मीटर भरला. एका तटाच्या बंदुकीने ५०० मीटरचाही टप्पा ओलांडला. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे सोळाव्या शतकातील शिशाची गोळीसुद्धा आवाजाच्या पुढे धावत होती.

वेगाबरोबर वजनही लक्षात घेतले पाहिजे. १७ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुमारे २९ ग्रॅम भरते. सेकंदाला ४५० मीटर वेगाने जाणाऱ्या अशा गोळीत जवळजवळ ३,००० जूल इतकी ऊर्जा असते. एक किलोग्रॅमचे वजन ३०० मीटर उंच उचलण्यास जेवढी शक्ती खर्च होईल, तेवढी ही ऊर्जा आहे. आजच्या अनेक सैन्यांतील ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीची गोळी सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने सुटते. पण ती जेमतेम चार ग्रॅमची असल्यामुळे तिची ऊर्जा १,७०० जूलच्या आसपास असते. तेव्हा नळीच्या तोंडाशी विचार केला, तर जुनी बंदूक दुबळी मुळीच नव्हती.

हा वेग याआधीही एकदा मोजण्यात आला होता. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने एक साधी युक्ती वर्णिली. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा आणि त्यात गोळी झाडावयाची. गोळी ठोकळ्यात रुतते आणि ठोकळा मागे झुलतो. तो किती झुलला हे मोजले व दोन्ही वजने ठाऊक असली, म्हणजे गणिताने गोळीचा वेग काढता येतो. अशा रीतीने रॉबिन्सने बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला १,६०० फुटांहून अधिक, म्हणजे ५०० मीटरच्या आसपास असल्याचे दाखविले. त्याने दारू भरपूर, गोळीच्या निम्म्या वजनाची घेतली होती, हे लक्षात घेता हा आकडा ग्राझच्या आकड्यांशी चांगला जुळतो. अडीचशे वर्षांपूर्वीचा लाकडी लंबक आणि विसाव्या शतकातील विद्युत उपकरणे यांनी जवळजवळ एकच साक्ष दिली.

या रॉबिन्सचा भारताशीही संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांच्या डागडुजीसाठी त्याची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक केली. तो भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

हवेचा अडथळा आणि चिलखत

नळीच्या तोंडाशी असलेला जोर मात्र टिकत नाही. वाटोळी गोळी हवेला फार मोठा अडथळा करून घेते. आधुनिक गोळी लांबट व टोकदार असते आणि हवेतून चिरत जाते. जुनी गोळी हवेला ढकलत जाते. परिणामी १०० मीटर अंतर काटेपर्यंत तिचा वेग सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि ऊर्जा निम्म्याहून कमी उरते.

ग्राझ येथे धातूच्या पत्र्यांवर व लाकडावरही गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांतील सर्वांत बोलका प्रयोग चिलखतावरचा होता. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १५७० च्या सुमारास घडविलेला, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा छातीवरचा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून, मध्ये तागाच्या कापडाचे दोन थर घालून, साडेआठ मीटरवरून पिस्तुलाची गोळी झाडण्यात आली. गोळी पत्र्यातून आरपार गेली. पण तेवढ्यातच तिचे बळ सरले आणि ती खालच्या कापडात अडकून राहिली. पत्र्याला भोक पडले असते. परंतु तो घालणारा माणूस बहुधा मोठी जखम न होता वाचला असता.

पहिल्या समजाचा एक भाग येथे ढासळतो. इतक्या जवळून झाडलेल्या पिस्तुलापासूनही चांगले चिलखत माणसाला वाचवू शकत होते. मोठ्या बंदुकीपुढे टिकाव धरावयाचा तर पत्रा अधिक जाड करावा लागे, आणि जाडीबरोबर वजन वाढे. घोडेस्वाराने किती ओझे वाहावे याला मर्यादा आहे. म्हणून हातापायांवरचे चिलखत हळूहळू गळाले आणि छातीपाठीवरचे पत्रे व शिरस्त्राण यांवर भागविण्यात येऊ लागले. चिलखत एका रात्रीत नाहीसे झाले नाही. त्याला शतकाहून अधिक काळ लागला.

नेम का चुकतो

आता दुसऱ्या समजाकडे वळू. उभ्या माणसाच्या आकारमानाचे लक्ष्य १०० मीटरवर ठेवून गोळ्या झाडल्या असता ढोबळमानाने दोनपैकी एक गोळी लक्ष्यावर बसली; काही बंदुका याहून बऱ्या ठरल्या, काही वाईट. बंदूक चौकटीत आवळलेली, नेम निश्चित, हात कोणाचाही नाही, आणि तरीही निम्म्या गोळ्या बाजूने गेल्या. दोष शिपायाचा नव्हता, तो बंदुकीच्या रचनेतच होता.

ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीच्या तोंडातून गजाने आत सारावी लागते. काळ्या दारूची राख प्रत्येक बारानंतर नळीत साचते. गोळी नळीत अगदी घट्ट बसणारी असेल, तर चारपाच बारांनंतर ती आत जाणारच नाही. म्हणून गोळी मुद्दाम लहान ठेवीत. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ या प्रसिद्ध बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर होता, तर गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटरची असे. दारू पेटल्यावर ही सैल गोळी नळीच्या बाजूंवर आपटत बाहेर येई. शेवटी ती ज्या बाजूला घासली, त्यानुसार तिला फिरकी मिळे. फिरणारी गोळी हवेत वळते. क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाजाने फिरकी दिलेला चेंडू हवेतच बाजूला सरकताना अनेकांनी पाहिला असेल. त्यातलाच हा प्रकार. गोलंदाजाला आपला चेंडू कोणीकडे वळेल हे ठाऊक असते. शिपायाला मात्र ते कधीच ठाऊक नसे, कारण प्रत्येक गोळीची फिरकी निराळी असे.

हेही रॉबिन्सनेच प्रयोगाने दाखविले होते. त्याने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ किंचित डावीकडे वाकविली आणि ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी नळीतून डावीकडे निघाली. पण वाकलेल्या नळीच्या उजव्या बाजूवर घासत आल्यामुळे तिला अशी फिरकी मिळाली, की पुढे ती उजवीकडे वळली. कागदांवरील भोकांनी हा मार्ग स्पष्ट केला.

मैदानावरून रणांगणावर

चौकटीतील बंदूक १०० मीटरवर दोनपैकी एक गोळी मारते. पण रणांगणावर चौकट नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रशियाच्या सैन्याने घेतलेली एक चाचणी प्रसिद्ध आहे. १०० फूट लांब व ६ फूट उंच असे कापडाचे लक्ष्य, म्हणजे रांगेत उभी असलेली एक तुकडीच, समोर ठेवून शिपायांच्या पलटणीकडून गोळीबार करविण्यात आला. ७५ यार्डांवर शंभरांपैकी ६०, १५० यार्डांवर ४० आणि २२५ यार्डांवर केवळ २५ गोळ्या त्या प्रचंड लक्ष्यावर बसल्या. येथे समोरून उत्तर देणारा शत्रू नव्हता, हे विसरता कामा नये.

शिवाय बार उडेलच याची खात्री नसे. १८३४ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकांतून प्रत्येकी ६,००० बारांची तुलना करण्यात आली. चकमकीच्या बंदुकीचा सहासातांपैकी एक बार फुकट गेला, तर टोपीच्या बंदुकीचे शंभरांत एकाहूनही कमी बार वाया गेले. पाऊस, दमट हवा, झिजलेली चकमक, रंजक पेटूनही आतली दारू न पेटणे ही सर्व विघ्ने शिपायाच्या रोजच्या परिचयाची होती. त्यात पहिल्या दोनतीन फैरींनंतर धुराचा पडदा उभा राही आणि शत्रू दिसेनासा होई. खुद्द लढाईत झाडलेल्या गोळ्यांपैकी किती लागत, याविषयी त्या काळच्या लष्करी लेखकांचे अंदाज वेगवेगळे आहेत. पण ते शंभरांत पाचांच्या वर सहसा जात नाहीत आणि काहींच्या मते तर शंभरांत एकही पडत नाही.

चौकटीत पन्नास, कापडी तुकडीवर चाळीस आणि लढाईत पाच किंवा त्याहूनही कमी. या उतरत्या पायऱ्यांतच त्या काळच्या युद्धपद्धतीचे स्पष्टीकरण आहे. रंगीत गणवेश घालून, खांद्याला खांदा लावून, उघड्या मैदानात उभे राहणारे सैन्य आज आपल्याला अविचारी वाटते. परंतु एकेका बंदुकीचा भरवसा नसेल, तर पुष्कळ बंदुका एका जागी आणून एकाच वेळी उडविणे हा त्यावरचा तर्कशुद्ध उपाय होता. कवायतीत नेम धरण्यापेक्षा जलद भरण्यावर भर असे, याचेही कारण हेच. मिनिटाला दोनतीन बार काढणारी पलटण चांगली समजली जाई. आणि लागलेली गोळी ३,००० जूलांची असे. म्हणून लागण्याची शक्यता थोडी असली, तरी भीती थोडी नव्हती.

आटे, काडतूस आणि सत्ता

या दोषावरचा उपाय पूर्वीपासून ज्ञात होता. नळीच्या आत वळणदार आटे पाडले म्हणजे गोळीला एकच, निश्चित दिशेची फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. अडचण एवढीच, की आट्यांत बसण्यासाठी गोळी घट्ट हवी आणि घट्ट गोळी भरण्यास वेळ लागतो. १८४९ च्या सुमारास मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याने लांबट, बुडाशी पोकळ अशी गोळी प्रचारात आणली. ती भरताना सैल असते; पण दारू पेटताच तिचे बूड फुगते आणि आट्यांत घट्ट बसते. याच तत्त्वावर ब्रिटिशांनी १८५३ ची एन्फील्ड रायफल बनविली. आता काही शे यार्डांवर नेम धरणे शक्य झाले आणि त्यासाठी शिपायाला नव्याने नेमबाजी शिकविणे भाग पडले.

ही रायफल शिकविण्यासाठी १८५७ मध्ये भारतात डमडम, अंबाला व सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली. तिच्या काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे आणि तो कागद दातांनी तोडावा लागे. त्या चरबीविषयी शिपायांत उसळलेला संताप सर्वपरिचित आहे. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक व खोलवर गेलेली होती. काडतूस ही ठिणगी होती. परंतु ती ठिणगी नेमकी नेमबाजीच्या मैदानावर पडली, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

त्यानंतर जे घडले ते अधिक सूचक आहे. उठाव शमल्यावर सरकारने भारतीय शिपायांसाठी एक निराळीच बंदूक तयार करविली. बाहेरून ती एन्फील्डसारखी दिसे. पण आतून तिची नळी गुळगुळीत, बिनआट्यांची होती. गोऱ्या शिपायाच्या हाती दूरवर नेम साधणारी रायफल आणि भारतीय शिपायाच्या हाती दिसण्यात तशीच, पण जवळच्या पल्ल्याची बंदूक, अशी ही वाटणी होती. आट्यांची नळी व गुळगुळीत नळी यांच्यामधील जो फरक अभ्यासक लक्ष्यावरील भोके मोजून सांगतात, तो फरक राज्यकर्त्यांना पुरेपूर ठाऊक होता आणि त्यांनी त्यावर आपल्या सत्तेची सुरक्षितता आधारली होती.

साक्षीची मर्यादा

ग्राझच्या चाचण्यांनी दोन्ही जुने समज निकालात काढले. बंदूक दुबळी नव्हती आणि अमोघही नव्हती. ती जोरदार परंतु बेभरवशाची होती, आणि हे दोन्ही गुणधर्म एकाच रचनेतून निघाले होते: जड, वाटोळी, सैल बसणारी गोळी. मात्र अशी चाचणी केवळ एवढेच सांगू शकते, की त्या बंदुकीकडून जास्तीत जास्त काय होऊ शकत होते. भिजलेली दारू, भुकेलेला शिपाई, शेजारी पडलेला सोबती यांना चौकटीत बसविता येत नाही. त्यांच्यासाठी पुन्हा लिखित साधनांकडेच जावे लागते. दोन्ही साक्षी एकमेकींसमोर ठेवल्या, म्हणजे कोणत्या लेखकाने अतिशयोक्ती केली आणि कोणाचे म्हणणे खरे होते, हे पारखता येते.

अशा चाचण्या वारंवार करता येत नाहीत आणि करूही नयेत. प्रत्येक बाराने नळी थोडी झिजते. छातीवरच्या ज्या पत्र्याला भोक पडले, तो पत्रा पूर्वीसारखा होणार नाही. म्हणून एकदा काळजीपूर्वक मिळविलेले आकडे जपून ठेवणे आणि पुन:पुन्हा वापरणे हेच योग्य होय. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात किंवा जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात काचेआड जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. अशा ठिकाणी ठासणीची बंदूक पाहावयास मिळाली, तर प्रेक्षकाची नजर बहुधा दस्त्यावरील नक्षीकडे जाते. त्याने क्षणभर नळीच्या तोंडाकडेही पाहावे. तेवढ्या रुंद तोंडातून निघालेली गोळी आवाजाच्या पुढे धावत असे. ती कोणीकडे जाईल, हे मात्र झाडणाऱ्यालाही सांगता येत नसे.